सात पायऱ्या खालचं दुकान आणि वीस वर्षांचं कर्ज

वाचकाचं पत्र

धनकवडीच्या उतारावर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान अर्धतळघरात, रस्त्यावरून सात पायऱ्या उतरून जावं लागतं. आंबिल ओढ्याला मिळणारा एक नाला जेमतेम चाळीस पावलांवर आहे. गेल्या वर्षी सप्टेंबर संपताना एका संध्याकाळी तासाभराच्या पावसात दुकानात मांडीपर्यंत पाणी भरलं. मोठं मशीन गेलं, कागद गेला, गिऱ्हाइकांचे प्रोजेक्ट भिजले. अकरा दिवस शटर बंद होतं. दोन मुली कामाला आहेत, त्यांचा पगार खिशातून दिला. विमा नव्हता.

आता मालक दुकान विकायला काढतोय. भाव बाजारापेक्षा बराच कमी आहे आणि बँक वीस वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो, असा पाऊस पंचवीस वर्षांतून एकदा पडतो, आता तुम्ही निर्धास्त. सासरे म्हणतात, पुण्यात पाऊस मुळीच वाढलेला नाही, आकडे काढून बघ. पानशेतनंतर खरा पूर कुणी पाहिलाय? ते असंही म्हणतात की यंदा पावसाच्या रात्री ते स्वतः दुकानात झोपतील आणि पाणी आलं तर सामान वर काढतील. दुकान घ्यावं का? आणि नाही घेतलं तरी दीड लाखात या पावसाळ्यापुरतं काय काय करता येईल?
— एक वाचक, धनकवडी

सस्नेह नमस्कार,

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती पैशांची नाही. सासऱ्यांना पावसाच्या रात्री त्या दुकानात झोपू देऊ नका. एक रात्रही नको. जिन्याच्या खळग्यात अर्धा मीटर पाणी साचलं की तीन फुटी दारावर बाहेरून सुमारे ११० किलोचा दाब येतो. तरण्याबांड माणसालाही ते दार बाहेर ढकलून उघडता येत नाही. शटर असेल तर ते खाचेत आवळलं जातं आणि वर सरकतच नाही. त्यात अंधार, तरंगणारे कागद आणि पाण्याखाली गेलेला प्लग. २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेले तिघे विजेच्या धक्क्याने गेले. तेही सामान वाचवायलाच उतरले होते. सासऱ्यांच्या मदतीची गरज नक्की आहे, पण ती दुपारी आणि वरच्या मजल्यावर. ते कसं, ते पुढे येईलच.

आता त्यांच्या मुद्द्याकडे वळू. त्यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करूनच पुढं जायला हवं. पुण्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि नुसती वर्षाची बेरीज पाहिली तर घाबरावं असं त्यात काही दिसत नाही. प्रश्न बेरजेचा नाहीच. देशाच्या मध्य भागातल्या १९५१ ते २००० या काळातल्या पावसाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: मोसमाची सरासरी जागच्या जागी आहे, पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत आणि मध्यम, मुरणारा पाऊस कमी झाला आहे. एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत झाकली जाते, म्हणून सरासरी शांत दिसते. या कामात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. त्याच संस्थेतून २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास आला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात मांडलं आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे पूर्वीपेक्षा जास्त चढउतार दाखवतात आणि त्यांच्या एकेका झोतात भरपूर बाष्प येतं, हे त्यामागचं मुख्य कारण. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे ढग फुटेपर्यंत त्यात भरलेलं पाणीही जास्त.

पानशेतचा दाखला मात्र तुमच्या दुकानाला लागू नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं होतं. ती नदीकाठची आपत्ती होती. तुमच्याकडची जात वेगळी आहे आणि पुण्यात राहून हा फरक डोक्यात पक्का हवा.

जुलै-ऑगस्टचा पूर घाटातल्या पावसाचा असतो. टेमघर, वरसगाव, पानशेतच्या बाजूला संततधार लागते, धरणं भरतात, खडकवासल्यातून विसर्ग वाढतो आणि मुठा चढते. २०२४ च्या जुलैत नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. या पुराचा आकडा टीव्हीवर येतो, नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो आणि बहुतेक वेळा काही तास हाताशी असतात.

दुसरा पूर सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, नाहीतर मे महिन्यातल्या वळवाचा. दुपारपर्यंत ऊन, उकाडा, चार-पाचला ढग दाटतात आणि कात्रजच्या डोंगरापासून पर्वतीपर्यंतच्या पट्ट्यात तास-दीड तासात सगळं कोसळतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर भागात जे केलं ते असंच. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. खडकवासल्याच्या विसर्गाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ५ ऑक्टोबर २०१० ला शिवाजीनगरला एका दिवसात १८० मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला, म्हणजे वर्षाच्या पावसाचा साधारण चौथा हिस्सा. तुमचं दुकान या दुसऱ्या पुराच्या वाटेत आहे. त्यामुळे विसर्गाच्या बातम्या बघत बसलात तर ज्या दिवशी सावध व्हायला हवं, नेमक्या त्याच दिवशी बेसावध राहाल.

आणखी एक गोष्ट. बातमीतला ‘आज इतके मिमी’ हा आकडा बहुधा शिवाजीनगरचा आणि चोवीस तासांचा असतो. दिवसभर भुरभुरत ७० मिमी पडला तर नाला वाहता राहतो. तेच ७० मिमी एका तासात पडले तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अर्ध्या एकराच्या, म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या सोसायटीवर तासाभरात ६० मिमी पडला की १ लाख २० हजार लिटर. पूर्वी त्यातलं बरंचसं मातीत मुरायचं. सगळं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असेल तर त्यातलं नव्वद टक्के, म्हणजे एक लाख लिटरहून जास्त, गेटबाहेर पडतं. तुमच्या वर उतारावर अशा किती सोसायट्या आहेत ते मोजा. सगळ्यांचं पाणी एकाच नाल्यात, जवळपास एकाच वेळी येतं.

आता एजंटचं वाक्य. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची चोवीस वर्षं सुट्टी, असा होत नाही. दर वर्षी शंभरात चार इतकी शक्यता, असा त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. पाच वर्षं धरली तर ती साडेअठरा टक्के होते, दहा वर्षांत साडेतेहतीस आणि कर्जाच्या वीस वर्षांत ५६ टक्के. म्हणजे कर्ज फिटायच्या आत पुन्हा एकदा पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. आणि हे सगळं एजंटचा आकडा खरा धरून, जुन्या पावसावर बेतलेलं. पाऊस आखडत्या वेळात पडायला लागला आणि वरचा उतार काँक्रीटने झाकला गेला, की पूर्वी पंचवीस वर्षांनी येणारी पाण्याची पातळी त्याहून लवकर येते. पूररेषेचंही तसंच: निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या. ‘दुकान लाल रेषेच्या बाहेर आहे’ असं सांगून कुणी दिलासा दिला तर ती रेषा कुठल्या प्रवाहाची आहे ते विचारा. नदीची रेषा आखलेली असते. तुमच्याकडच्यासारख्या छोट्या नाल्याची आखलेली असेलच असं नाही.

भाव कमी आहे तो उगीच नाही. मालकाला जे माहीत आहे त्याची किंमत त्यात आधीच उतरली आहे. बँकेच्या मूल्यांकनात चौरस फूट, मजला, कागदपत्रं बघतात. सप्टेंबरच्या संध्याकाळी जिन्यात किती पाणी असतं ते बघतीलच असं नाही. हप्ता मात्र दुकान बंद असलं तरी ठरलेल्या तारखेला जातो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आम्हाला तीच वाटली: अकरा दिवस शटर बंद. भिजलेला माल दिसतो, बंद दिवस दिसत नाहीत. जगभरातल्या दीड हजारहून अधिक प्रदेशांची चाळीस वर्षांची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ओले दिवस आणि एका दिवसातली अतिवृष्टी वाढली की त्या प्रदेशाची आर्थिक वाढ मंदावते आणि सर्वांत जास्त फटका उद्योग आणि सेवांना बसतो, असं त्यात दिसलं. म्हणजे दुकानं, कार्यालयं, कारखाने. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार जगात १८१ कोटी लोक मोठ्या पुराच्या थेट टप्प्यात राहतात आणि त्यातले सुमारे ३९ कोटी भारतात आहेत. या आकड्यांत तुमच्या दोन मुलींचे पगार आहेत, ऐन सबमिशनच्या आठवड्यात दुसरीकडे गेलेले विद्यार्थी आहेत.

म्हणून आमचं स्पष्ट मत: हे दुकान विकत घेऊ नका. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर वर्षाची जोखीम चार टक्क्यांच्या घरात आणि पाय काढता येण्यासारखी आहे. वीस वर्षांच्या कर्जात ती तुमच्या गळ्यात पडते. भाडं मात्र घासाघीस करून कमी करून घ्या. मालकालाही गिऱ्हाईक लवकर मिळणार नाही.

राहता राहिला यंदाचा पावसाळा. पैसे खर्च करण्याआधी एक काम करा, त्याला जवळपास काही लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणा, पंधरा मीटरची. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. ती लावून दुकानाच्या सगळ्यात वरच्या पायरीची पातळी आणि नाल्यावरच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, स्लॅबची खालची कड यांत किती सेंटिमीटरचा फरक आहे ते काढा. अंतर जास्त असल्याने दोन-तीन टप्प्यांत न्यावं लागेल. गेल्या वर्षीचा चिखलाचा डाग भिंतीवर असेल तर त्याचंही माप त्याच नळीने घ्या. मोरीची कड तुमच्या पायरीपेक्षा खाली असेल तर मोरी तुंबल्यावर पाणी रस्त्यावरून तुमच्याकडे येतं. ती पायरीपेक्षा वर असेल तर मोरी पूर्ण भरायच्या आधीच पाणी जिन्यात उतरतं. दोन्हींत हातातला वेळ वेगळा. मग मोरीच्या भिंतीवर, वरच्या गॅलरीतून टॉर्चच्या उजेडात दिसतील असे तैलरंगाचे दोन पट्टे मारा: कड आणि पायरी यांतली जी खाली असेल तिच्या एक मीटर खाली पिवळा, अर्धा मीटर खाली लाल.

दीड लाखातला पहिला खर्च जिन्याच्या वरच्या टोकाला करा, शटरवर नाही. इथे बहुतेक जण चुकतात. शटर सात पायऱ्या खाली, म्हणजे सुमारे एक मीटर खोल आहे. जिन्याचा खळगा भरला की दहा फुटी शटरवर दीड टनाचा दाब येतो. कुठलंही शटर तो सोसत नाही. शटरच्या खाली दोन सेंटिमीटरची फट आणि बाहेर फूटभर पाणी, एवढ्यावर सेकंदाला ८५ लिटरच्या पुढे पाणी आत येतं. सव्वाचारशे चौरस फुटांच्या दुकानात पहिल्या मिनिटातच तेरा सेंटिमीटर. रेतीची पोती शटरला लावून काही होत नाही ते यामुळेच. वरच्या टोकाला मात्र पाणी फक्त रस्त्यावर असेल तेवढंच खोल असतं.

तिथे वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा पक्का उंबरा करून घ्या: आधी एक पायरी वर, मग सात खाली. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सी-चॅनल अँकर फास्टनरने भिंतीत घट्ट बसवा आणि त्यात वरून सरकणारी ३५-४० सेंटिमीटरची फळी करून घ्या. फळी मरीन प्लायची, २५ मिमी जाड, मागून चौकोनी पाइपचा आधार दिलेली, खाली आणि बाजूंना रबरी पट्टी. एकूण उंची ६० सेंटिमीटर. पाच फुटी जिन्यावर एवढ्या पाण्याचा दाब पावणेतीनशे किलोच्या आसपास येतो, म्हणून आधाराशिवाय नुसतं प्लायवूड वापरू नका. ६० च्या वर जायचा मोह टाळा. उंची दुप्पट केली की दाब चौपट होतो, आणि पाणी त्याहून वर आलं तर ते आत येऊ देणंच बरं. अडवून धरलं तर जिन्याच्या बाजूची अर्ध्या विटेची भिंत आडवी व्हायची भीती. ती भिंत मुळात तेवढ्या उंचीची आणि भेग नसलेली आहे का, हेही पाहा. समोर फळी आणि बाजूने पाणी, असं व्हायला नको. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि उंबऱ्यामुळे पाणी शेजारच्या दुकानात वळत नाही ना, ते गवंड्याकडून तपासून घ्या.

अर्धतळघराला रस्त्याच्या पातळीवर झरोके असतात. जिना अडवला तरी पाणी तिथून येतं. खालचे तीस सेंटिमीटर विटांनी बुजवा, वर जाळी ठेवा. केबलची भोकं वॉटरप्रूफ मसाल्याने भरा. गच्चीचा पावसाचा पाइप जिन्याजवळ उघडत असेल तर तो दुसरीकडे वळवा.

दुसरा खर्च संडास-नहाणीवर. रस्त्यावरचं ड्रेनेज तुंबलं की पाणी उलटं फिरतं आणि सगळ्यात खालच्या नहाणीतून वर येतं, म्हणजे तुमच्याच. पुढून सगळं बंद केलंत तरी ही वाट उघडी राहते. बाहेर जाणाऱ्या चार इंची पाइपवर, चेंबरच्या आत, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याच्या झडपेत केस किंवा प्लॅस्टिक अडकलं तर ती बंद होत नाही. मे महिन्यात एकदा आणि गणपतीनंतर एकदा उघडून धुवा. झडप मिटलेली असताना संडास वापरायचा नाही, कारण तुमचंही पाणी बाहेर जात नाही.

तिसरा खर्च विजेचा, परवानाधारक वायरमनकडून. डीबी (विजेची मुख्य पेटी), सगळे सॉकेट आणि बोर्ड गेल्या वर्षीच्या डागापेक्षा किमान अर्धा मीटर वर, जमलं तर खांद्याच्या उंचीला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. एक गोष्ट वायरमनही कधी कधी सांगत नाहीत: मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर आपल्या बॅटरीवर वीज देत राहतो. तो वेगळा बंद करावा लागतो. त्याची जागा दुकानात नको, जिन्याच्या वर हवी.

पंप यादीत शेवटी आहे, कारण लोक सगळ्यात आधी तोच घेतात. एक एचपीचा ड्रेनेज पंप तासाला साधारण बारा ते अठरा हजार लिटर उपसतो. दुकानात अर्धा मीटर पाणी म्हणजे वीस हजार लिटर. बाहेरून येणं थांबलं असेल तर पंप ते साधारण एक ते पावणेदोन तासांत काढेल. पाणी येतच असेल तर त्याचा उपयोग नाही. फळी आणि झडप झाली की झिरपणाऱ्या पाण्यापुरता तो हवाच: कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, आणि पाइपचं तोंड फळीच्या बाहेर. पावसात वीज जाते हे धरूनच चला. जनरेटर आणलात तर तो कधीही तळघरात चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

मशीनबद्दल. मजल्यावरचं मोठं झेरॉक्स मशीन शंभर-दीडशे किलोचं असतं, ते आयत्या वेळी सात पायऱ्या चढत नाही. ते मे अखेर ते दिवाळी या काळात वरच्या पातळीवर असलं पाहिजे. शेजारच्या दुकानाचा कोपरा भाड्याने मिळाला तरी चालेल. खाली काउंटर, बाइंडिंगचं टेबल आणि छोटा प्रिंटर. कागदाचं गणित करून बघा: ७५ जीएसएम ए-फोरची एक रीम सव्वादोन किलोच्या वर, दहा रिमांचा खोका तेवीस किलोच्या पुढे. तीस खोके म्हणजे सातशे किलो. एक खोका वर ठेवून परत यायला दीड मिनिट धरलं तर दोघांना वीस मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेही दमछाक होत नाही असं धरून. म्हणून खाली सहा खोक्यांपेक्षा जास्त ठेवू नका. गिऱ्हाइकांची मूळ कागदपत्रं, दाखले, प्रबंध रात्री खाली राहता कामा नयेत. ते परत विकत मिळत नाहीत.

आता सासऱ्यांचं काम. मोबाइलवर हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो; ‘मौसम’, विजांसाठी ‘दामिनी’ आणि इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही ॲप घेऊन ठेवा. दुपारी ऑरेंज किंवा रेड इशारा आला, किंवा कात्रजच्या बाजूला काळं झालं, की माल उतरवून घ्यायचा नाही आणि चालू कामं वर न्यायची. घरी गच्चीत सरळ उभ्या कडांचा एक डबा ठेवा. पाऊस लागला की सासऱ्यांनी त्यात पट्टी धरून बघायचं: पंधरा मिनिटांत १५ मिमी भरलं, म्हणजे तासाला ६० च्या वेगाने पडतोय. तेव्हाच, रस्ता कोरडा दिसत असला तरी, दुकानात फोन करायचा. फोन आला की फळी लावायची, नहाणीवर जड पोतं ठेवायचं, खालच्या फळ्यांवरचं वर उचलायचं. नाल्याचं पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलं की मेन आणि इन्व्हर्टर बंद करून मुलींना घेऊन वर. लाल पट्ट्यानंतर कुणीही जिना उतरायचा नाही, काहीही राहिलेलं असलं तरी. फरशी ओली व्हायला लागली असेल तर मेनला हात न लावता बाहेर पडा आणि मीटर रूममधून किंवा महावितरणला सांगून पुरवठा तोडा. मदतीसाठी ११२ किंवा अग्निशमनचा १०१. नाल्याच्या काठाला, सीमाभिंतीला टेकून कुणी उभं राहायचं नाही. २०१९ मध्ये टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळूनच माणसं गेली.

ही सगळी तयारी १५ मेच्या आत. २०२५ मध्ये २६ मेलाच मान्सून पुण्यात दाखल झाला होता. मोरीतला गाळ, थर्माकोल, गाद्या काढण्यासाठी महापालिकेकडे एप्रिलमध्येच फोटोसह तक्रार करा, टोकन क्रमांक जपून ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा करा, कारण पहिल्या पुरात सगळा कचरा नव्याने येऊन अडकतो.

विमा घ्याच. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी आहे. बहुतेक सर्वसाधारण विमा कंपन्या ती देतात आणि तिच्यात वादळ, पूर, पाणी साचणं येतं. अर्जावर ‘अर्धतळघर’ असं स्पष्ट लिहा आणि तळघरातला माल धरला आहे का, जमिनीपासून किती उंचीवर ठेवायची अट आहे का, हे लेखी घ्या. हे लपवलं तर दावा तिथेच अडतो. मशीनची रक्कम आज नवं घ्यायला लागेल तेवढी लावा. मशीन भाड्याचं असेल किंवा गिऱ्हाइकाचा माल तुमच्या ताब्यात असेल तर त्याचा वेगळा उल्लेख हवा. बंद दिवसांचं उत्पन्न या पॉलिसीत धरलेलं नसतं. त्यासाठी नफा-नुकसानीचं वेगळं संरक्षण विचारा आणि ते परवडलं नाही तर दोन आठवड्यांचे पगार आणि भाडं एवढी रक्कम बाजूला ठेवा. पाणी आलंच तर भिजलेलं मशीन चालू करून पाहू नका, विमा कंपनीचा सर्वेअर येईपर्यंत काही फेकू नका, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढा आणि महसूल खात्याकडून पंचनामाही करून घ्या.

करार नव्याने करताना मालकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या. मंजूर नकाशात ही जागा दुकान म्हणून दाखवली आहे की पार्किंग किंवा साठवणीची, हे कळण्यासाठी नकाशा आणि भोगवटा पत्राची प्रत. पार्किंगची निघाली तर विमा आणि परवाना दोन्ही अडचणीत येतील. उंबरा, झडप, वायरिंगचा खर्च भाड्यातून कसा वळता होणार, ते. आणि पाण्यामुळे जागा वापरता आली नाही तर तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, तसंच एका महिन्याच्या नोटिशीवर, अनामत पूर्ण परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क. तिसऱ्या कलमावर मालक अडून बसला तर जागा बदला. धनकवडीतच, पण रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर असलेली बघा.